मिस्त्रींचे वीस दिवस

मिस्त्रींनी बांधलेली होडी बुडाल्याचं बंदरावर कुणी ऐकलं नव्हतं, आणि मिस्त्रींनी दिलेली तारीख खरी ठरल्याचंही कुणी ऐकलं नव्हतं. होडी बांधायला टाकणारा विचारायचा, "कधी मिळेल?" मिस्त्री कानामागची पेन्सिल हातात घ्यायचे, छपराकडे बघायचे आणि म्हणायचे, "दोन महिने धरा." विचारणारा मनातल्या मनात त्याला तिनाने गुणायचा, मान डोलवायचा आणि समाधानाने घरी जायचा. यात कुणी कुणाला फसवतंय असं दोघांनाही वाटायचं नाही. खरे सहा महिने सांगितले, तर ऐकणारा ते दीड वर्ष धरेल आणि दुसरा कारागीर शोधेल. मग खरं सांगून स्वतःच्या पायावर धोंडा कोण पाडून घेईल? सगळ्या धंद्याचंच घड्याळ तसं होतं. लोहाराचं 'परवा' म्हणजे पुढचा आठवडा. वखारवाल्याचं 'गाडी निघालीच आहे' म्हणजे गाडीत अजून लाकूडच चढलेलं नाही. हा कारभार वर्षानुवर्षं बिनबोभाट चालला होता आणि पुढेही चालला असता. पण मिस्त्रींनी तो एकदा कोर्टात केला.

तेव्हा मिस्त्री बासष्ट वर्षांचे होते. अंगाने बुटके, मनगटाने रुंद, डाव्या अंगठ्याचं नख कधीकाळी हातोड्याखाली सापडून कायमचं चपटं झालेलं. नकाशा त्यांनी जन्मात काढला नाही. शेडच्या फरशीवर खडूने होडी पूर्ण मापाची आखायची, चार वेळा भोवती फिरायचं, एखादी रेघ पायाने पुसायची, की झालं. कुठलीही अडचण सांगा, त्यांचं पहिलं उत्तर "होतंय की" हेच असायचं. आणि होतही असे, हे कबूल केलं पाहिजे. फक्त कधी होईल ते विचारायचं नाही.

त्यांच्याबरोबर त्यांची थोरली बहीण काम करायची. वय सत्तर. सगळं बंदर तिला ताई म्हणायचं. नवरा गेल्यावर ती भावाकडे आली, आणि आल्याच्या दुसऱ्या दिवशी हातात ठोकायची लाकडी मोगरी आणि बोथट छिन्नी घेऊन होडीखाली जाऊन बसली ती बसलीच. दोन फळ्यांमधल्या फटीत कापसाची वात ठोकून भरायची आणि वरून राळ लावायची, म्हणजे पाणी आत येत नाही. हे काम तिचं. सांधा पुरा भरला की मोगरीचा आवाज बदलतो, बद्द असतो तो खणखणीत होतो. ताईला तो आवाज शेडच्या दुसऱ्या टोकाला उभी असतानाही कळायचा. भावाच्या तोंडचा आकडाही ती तशीच ओळखायची. मिस्त्री 'महिना' म्हणाले, की मागून तिचा आवाज यायचा, "तीन!"

मिस्त्रींचा कारखाना बंदर मंडळाच्या जागेवर होता. एका बाजूला बर्फाचा कारखाना, दुसऱ्या बाजूला जुनं गोदाम, आणि मधे ही चिंचोळी पट्टी: पत्र्याची शेड, फळ्या वाकवायची वाफेची पेटी, आणि शेडमधून थेट पाण्यात जाणारा दगडी उतार. रस्त्याकडून हातगाडी जेमतेम आत येईल एवढीच वाट. इथे बांधलेल्या होडीला बाहेर पडायला पाण्याशिवाय दुसरा मार्ग नव्हता. जागा मिस्त्रींच्या वडिलांनी मंडळाकडून कराराने घेतली होती, दर दहा वर्षांनी करार नवा व्हायचा, आणि शेवटचा संपून दोन वर्षं झाली तरी नवा झाला नव्हता. मंडळाला तिथे ट्रक उभे करायला जागा हवी होती.

मग नोटीस आली. सरकारी जागा रिकाम्या करून घेण्याचा एक वेगळा कायदा असतो, त्याखालची. मंडळाचे मिळकत अधिकारी हेच त्या कायद्यात न्याय देणारे. मिस्त्री तावातावाने भांडायचं ठरवून गेले. पण तो चष्मेवाला, हळू बोलणारा माणूस निघाला, त्याने यांचं सगळं बोलणं ऐकून घेतलं, पाणी विचारलं, करार दोनदा वाचला आणि मग म्हणाला, "मिस्त्री, मुदत संपलेली आहे आणि जागा मंडळाची आहे. यात मी तरी काय वेगळं लिहू?" हुकूम झाला: पंधरा दिवसांत जागा रिकामी करा. मिस्त्रींना त्या माणसावर धड चिडताही येईना, आणि म्हणून ते जास्तच चिडले.

जागेचं दुःख होतंच, पण उतारावर त्या वेळी एक होडी होती, आणि खरा घोर तिचा होता. छत्तीस फुटी, खाडीच्या दोन्ही काठांवर माणसं पोचवणाऱ्या नावाड्याची. त्याची जुनी होडी इतकी ठिगळली होती की तिच्यात मूळ लाकूड किती उरलं हा वादाचा विषय झाला होता. नव्या होडीला मिस्त्रींनी चार महिने सांगितले होते, त्याला अकरा होऊन गेले होते. फासळ्या उभ्या होत्या, फळ्या पोटापर्यंत चढल्या होत्या, वरच्या पाच-पाच बाकी. सांधे भरलेले नाहीत, डेक नाही. जागेचा ताबा गेला तर ही होडी रस्त्याने न्यायची सोय नव्हती. मंडळ ती कापून तुकडे बाहेर काढणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

फोटोकॉपीच्या दुकानावर एक तरुण वकीलबाई बसायच्या. ताईने त्यांचं नाव काढलं, आणि दोघं भावंडं करार घेऊन त्यांच्याकडे गेली. बाईंनी करार सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला आणि सातव्या पानावर बोट ठेवलं.

"हे कुणी घातलं?"

तिथे दोन अटी होत्या. मुदत संपताना उतारावर होडी असेल, तर ती पाण्यात उतरवायला वाजवी वेळ द्यायचा. आणि मंडळाकडे काठावरची दुसरी जागा असेल, तर ती आधी या कारखान्याला विचारायची. खाली लिहिलं होतं, की करारावरून वाद झाला तर तो लवादाकडे जाईल.

"वडिलांच्या वेळी एक हेडक्लार्क होते," मिस्त्री म्हणाले. "दुपारी डबा खायला आमच्या शेडमध्ये यायचे. होडी कशी असते ते त्यांना ठाऊक होतं."

"भला माणूस. आता नीट ऐका." बाईंनी टेबलावरचे दोन पेपरवेट एकमेकांपासून लांब सरकवले. "हे दोन वेगळे रस्ते आहेत. जागा रिकामी करायची की नाही, हा पहिला रस्ता. तिथे त्या अधिकाऱ्याचंच चालतं. लवादाला तो विषय नाही, आणि लवादाचं नाव पुढे करून आपण कोर्टाकडून तो हुकूम थांबवून घेऊ शकत नाही. मी तसा अर्ज केला तर पहिल्या पाच मिनिटांत बाहेर पडेन."

"म्हणजे जागा गेली."

"ही गेली असं धरा. दुसरा रस्ता या दोन अटींचा. त्या लवादाकडे जातील. पण लवाद नेमून बैठक लागायला दोन-तीन महिने जाणार. तोवर होडीचे तुकडे झाले तर लवाद काय, भुशावर निकाल देणार? म्हणून मधल्या काळापुरतं कोर्टात जायचं आणि म्हणायचं, साहेब, लवाद बसेपर्यंत एवढी होडी सांभाळा, ती पाण्यात जाईपर्यंत उताराला हात लावू देऊ नका. एवढंच मागायचं. जास्त हाव केली की हेही हातचं जाईल."

मिस्त्रींना ते पटायला वेळ लागला. चाळीस वर्षांची जागा सोडून देऊन फक्त होडी मागायची, हे त्यांना घर जळताना खुर्ची वाचवल्यासारखं वाटलं. त्यांनी तसं बोलूनही दाखवलं.

"तुझ्या खुर्चीवर नावाड्याचं पोट आहे," ताई म्हणाली. "घ्या हो बाई लिहून."

"होडी उतरवायला किती दिवस लागतील?"

"महिना," मिस्त्री म्हणाले.

"नव्वद लिहा," ताई म्हणाली.

बाईंनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि नव्वद लिहिलं.

कोर्टात जायच्या दिवशी मिस्त्रींनी इस्त्रीचा शर्ट घातला. बाहेरच्या बाकावर वकीलबाईंनी त्यांना बजावलं, "तुम्हाला कुणी काही विचारणार नाही. विचारलंच तर माझ्याकडे बघा, मी बोलेन." मिस्त्री म्हणाले, "होतंय की." ताईने कपाळावर हात मारला.

सुनावणी छान चालली होती. मंडळाचे वकील म्हणाले, हा सगळा जागा अडवून ठेवायचा बहाणा आहे, नव्वद दिवसांचे नऊ महिने होतील. वकीलबाई म्हणाल्या, जागा आम्ही मागतच नाही, तो हुकूम आम्हाला मान्य आहे; आम्ही फक्त कराराने दिलेला वेळ मागतोय, आणि तो किती असावा हे लवाद ठरवेपर्यंत होडी शाबूत राहावी एवढंच म्हणतोय. न्यायाधीश वयस्क होते, त्यांचा चेहरा कडक होता. ते बराच वेळ होडीचे फोटो बघत राहिले. मग त्यांनी चष्म्यावरून समोर पाहिलं.

"बांधणारे कोण? तुम्ही का? पुढे या. मला सांगा, ही होडी पाण्यात कधी उतरेल?"

आता काय झालं ते समजून घेतलं पाहिजे. चाळीस वर्षं कडक चेहऱ्याची माणसं मिस्त्रींच्या समोर उभी राहून हाच प्रश्न विचारत आली होती, अगदी याच शब्दांत. वकीलबाईंकडे बघायचं त्यांच्या लक्षात होतं. पण मानेच्या आधी जीभ वळली. हात कानामागे पेन्सिल शोधत गेला, डोळे कोर्टाच्या छताकडे गेले, आणि मिस्त्री गिऱ्हाइकाला धीर देणाऱ्या खणखणीत आवाजात म्हणाले, "वीस दिवस धरा, साहेब."

वकीलबाईंच्या हातातला कागद होता तिथेच थांबला. मागच्या बाकावरून ताईचा "साठ!" असा आवाज येता येता घशातच राहिला, कारण शिपायाने तिच्याकडे वळून पाहिलं.

न्यायाधीशांचा चेहरा मात्र उजळला. "अर्जात नव्वद दिवस मागितलेत, आणि हे गृहस्थ प्रामाणिकपणे वीस सांगतायत," ते म्हणाले. "असा अर्जदार क्वचितच बघायला मिळतो." आणि त्यांनी भराभर सांगून टाकलं: मिस्त्रींनी कोर्टाला हमी दिली आहे, ती नोंदवली. आजपासून वीस दिवस मंडळाने उताराला आणि होडीला हात लावायचा नाही. एकविसाव्या दिवशी सकाळी अकरा वाजता ताबा द्यायचा, जागेवर जे असेल त्यासकट. बाकी वाद लवादापुढे. मंडळाचे वकील तोंड उघडणार होते, त्यांनी ते पुन्हा मिटलं.

बाहेर आल्यावर वकीलबाईंनी फाइल बंद केली. मग म्हणाल्या, "मिस्त्री, कोर्ट हे गिऱ्हाईक नाही हो."

"परत जाऊन सांगू का चुकलं म्हणून?"

"मुदत वाढवायचा अर्ज करता येईल. पण ज्या माणसाने आज तुम्हाला प्रामाणिक म्हटलं, त्यालाच उद्या सांगायचं की मी सवयीने बोललो? लवादापुढे दुसऱ्या जागेचं भांडायचंय अजून. तिथे तुमच्या शब्दाला काय वजन राहील?"

मिस्त्रींना लाज वाटली, आणि ती त्यांना फारशी ओळखीची नव्हती. ती तीन-चार मिनिटं टिकली. मग त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि म्हणाले, "अर्ज नको. उतरवतो."

"वीस दिवसांत?" ताईने विचारलं.

"अठरा," मिस्त्री म्हणाले.

हे 'अठरा' सवयीचं नव्हतं. उताराचं खालचं टोक कधीचंच ढासळलेलं होतं. रोजच्या भरतीला तिथे होडी तरंगण्याइतकं पाणी येत नसे. पाणी पुरायचं ते फक्त उधाणाच्या भरतीला, पंधरवड्यातून एकदा. मिस्त्रींना भरतीचं वेळापत्रक तोंडपाठ होतं. या वीस दिवसांतलं मोठं उधाण अठराव्या दिवशी दुपारी पावणेबाराला होतं. त्यानंतरचं येईपर्यंत ताबा जाऊन बारा दिवस झाले असते.

त्याच दुपारी कामाला लागायचं ठरलं. आणि पहिल्याच फटक्याला मिस्त्रींच्या लक्षात आलं, की त्यांच्यापाशी लाकूड नाही, खिळे नाहीत, आणि त्यांच्यावर विश्वास ठेवणारा माणूसही नाही.

ते लोहाराकडे गेले. "तांब्याचे खिळे आणि बोल्ट, परवा हवेत."

"परवा देतो," लोहार म्हणाला आणि दुसरंच काम भट्टीत सारलं.

"अरे, खरोखरचं परवा!"

"मग मी काय खोटं परवा म्हणालो?"

वखारवाला त्यांना बसवून घेऊन चहा पाजायला लागला, म्हणजे काम महिनाभराने होणार हे नक्की. नावाडी तर सोमवारी नेहमीप्रमाणे चौकशीला आला, "अठराव्या दिवशी दुपारी होडी ओढून न्यायला ये" हे ऐकलं, पोटभर हसला आणि म्हणाला, "बरं बरं. म्हणजे वर्ष सरायच्या आत नक्की ना?" मिस्त्रींनी शपथ घेतली. तो आणखीच हसला; शपथ त्याने याआधी चार वेळा ऐकली होती.

आयुष्यभर ज्या नाण्यावर व्यवहार केला ते आता खोटं ठरत होतं, आणि दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतं. मिस्त्री शेडमध्ये येऊन ओंडक्यावर बसले. ताई वात वळत होती.

"मी सांगितलं तर कुणी ऐकणार नाही," ते म्हणाले.

"तू कशाला सांगतोस? कोर्टाने सांगितलंय ना?"

ते ताडकन उठले, वकीलबाईंकडे जाऊन हुकुमाच्या शिक्क्याच्या सहा प्रती घेतल्या आणि पुन्हा लोहाराकडे गेले. लोहाराने हात पुसले, कागद उजेडात धरला, ओळीखाली बोट फिरवत वाचला. 'वीस दिवस' तिथे आल्यावर तो थांबला आणि शिक्का बोटाने चाचपून बघितला.

"म्हणजे हे खरेखुरे वीस?"

"कोर्टाचे वीस."

लोहाराने भट्टीतलं काम बाहेर काढून बाजूला टाकलं. खिळे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले. धंद्याच्या आठवणीत लोहाराने दिलेल्या वेळेच्या आधी काही आणून दिल्याची ही पहिलीच वेळ. वखारवाल्याने कागद वाचून चहा अर्धवट सोडला. नावाडी मात्र कागद बघूनही डोळे बारीक करून म्हणाला, "न्यायाधीश तुमच्या ओळखीचे आहेत का?" पण निदान त्याने तारीख हातावर लिहून घेतली.

मग काम सुरू झालं, आणि मिस्त्री खरे कोण आहेत ते दिसलं. दोन सुतार भाऊ बर्फाच्या कारखान्यात फळ्या ठोकायला जायचे, त्यांना त्यांनी उचलून आणलं. सकाळी सहाला वाफेची पेटी पेटायची. फळी तासभर वाफ खायची, मग तिघांनी ती हातमोजे घालून उचलून धावायचं, फासळ्यांवर दाबायची, आणि थंड व्हायच्या आत शिकंजे आवळायचे. एक फळी तडकली तेव्हा मिस्त्रींनी एक शिवी दिली आणि दुसरी पेटीत सरकवली. एरवी अशा वेळी ते दोन दिवस रुसून बसत. आठव्या दिवशी शेवटची फळी चढली. ताईची मोगरी पहिल्या दिवसापासून चालू होती, आणि आता तिचा खणखणाट बर्फाच्या कारखान्यातल्या लोकांनाही झोप येऊ देईना.

पण आठव्या दिवशीच मिस्त्रींनी जी गोष्ट टाळली होती ती समोर येऊन उभी राहिली. डेक होणार नव्हता. इंजिन बसणार नव्हतं, रंगही होणार नव्हता. मिस्त्रींच्या वडिलांपासूनचा या कारखान्याचा नियम होता, की अर्धवट होडी पाण्याला दाखवायची नाही. तो नियम मोडायचा विचारच मिस्त्रींना सहन होईना. ते संध्याकाळभर होडीभोवती फिरले. मग ताईपाशी येऊन म्हणाले, "नुसता सांगाडाच उतरवू. आडव्या तुळया तात्पुरत्या ठोकतो म्हणजे अंग पिळवटणार नाही. बाकीचं नावाड्याच्या धक्क्याला बांधून, पाण्यावर करू."

"म्हणजे पोराला चड्डी न घालता शाळेत पाठवायचं," ताई म्हणाली.

"तेच."

"पाठव. थंडी वाजली तर वाजली." आणि तिने पुढची वात उचलली.

अठराव्या दिवशी सकाळी दहापासून लोक यायला लागले. मिस्त्रींना आधी वाटलं, मदतीला आलेत. छे! लोहार, वखारवाला, वीस वर्षांपूर्वी होडी घेतलेली गिऱ्हाइकं, ज्यांना दोन महिन्यांचे सात झाले होते, ती सगळी मिस्त्रींची तारीख खरी होताना बघायला आली होती. काहींनी बायकामुलं आणली होती. एक म्हातारा घडीची खुर्चीही घेऊन आला होता. वकीलबाई आल्या आणि कोपऱ्यात नखं खात उभ्या राहिल्या. नावाडी साडेदहाला जुनी होडी घेऊन हजर झाला. "खरंच?" एवढंच तो म्हणाला, आणि लगेच दोर सोडायला लागला.

ताईने एकदा त्या गर्दीवर नजर टाकली. "फुकट तमाशा नाही," ती ओरडली, आणि तिने दोराची टोकं एकेकाच्या हातात कोंबली. म्हाताऱ्याची खुर्ची तिने होडीखाली टेकू म्हणूनही वापरली असती.

उतारावरच्या ओंडक्यांना चरबी लावून झाली. अकरा चाळीसला पाणी दगडावरच्या जुन्या खुणेला लागलं. मिस्त्री वाकून एकेक पाचर काढत गेले. शेवटची निघाली तरी होडी हलली नाही. आजवर उतरवलेल्या एकाही होडीच्या वेळी असं झालं नव्हतं, कारण आजवर एकाही होडीला वेळ लावून दिलेली नव्हती. त्यांनी पाठ तिच्या अंगाला लावली, पाय दगडात रोवले आणि म्हणाले, "ओढा!" चाळीस माणसांनी ओढलं. लाकूड करकरलं, चरबीचा वास सुटला, आणि मग ती सुटली, एकदम, कुणाचीही वाट न बघता. पाण्यात शिरली, मागे झुकली, आणि रिकामी असल्याने जरा जास्तच उंच, हलकी, डोलत तरंगायला लागली.

आत पाणी आलंच. कोरड्या लाकडाच्या होडीत पहिल्या दिवशी येतं. फळ्या फुगल्या की थांबतं. पण ताई साडीचा पदर खोचून आत उतरलेली होती. पंप चालवता चालवता ती एकेका सांध्यावरून हात फिरवत होती. तासाभराने तिने वर मान करून भावाला सांगितलं, "धरलं." मिस्त्री तोंड फिरवून बर्फाच्या कारखान्याकडे बघायला लागले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते एवढ्या गिऱ्हाइकांना दाखवायची त्यांची तयारी नव्हती.

एकविसाव्या दिवशी सकाळी अकराला मिळकत अधिकारी दोन साक्षीदार घेऊन आले. शेड रिकामी होती. वाफेची पेटी, करवत, शिकंजे नावाड्याच्या काठावर गेले होते. तिथे त्याने ताडपत्री बांधून दिली होती. मिस्त्री एकटेच होते. शेडच्या फरशीवर खडूच्या जुन्या रेघा एकमेकींवर चढलेल्या होत्या, वडिलांच्या हातच्याही त्यात असतील. त्या पुसायच्या की नाही हे त्यांना सकाळपासून ठरवता आलं नव्हतं. शेवटी त्या त्यांनी तशाच ठेवल्या.

अधिकाऱ्यांनी स्वतः फिरून पाहणी केली आणि पंचनामा लिहिला. मग त्यांची नजर खाडीपलीकडे गेली. धक्क्याला होडी बांधलेली होती आणि तिच्यावरून ठोकाठोकी ऐकू येत होती. त्यांनी क्षणभर विचार केला आणि खालच्या कोऱ्या जागेत स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'होडी मुदतीआधी पाण्यात उतरवलेली पाहिली.'

"हे मला लिहायची गरज नव्हती," ते म्हणाले. "पण लवादापुढे दुसऱ्या जागेचा विषय निघेल तेव्हा तुमच्या वकीलबाईंना उपयोगी पडेल. नियमात बसतं."

मिस्त्रींनी हात जोडले. सही केली. अधिकारी जरा घुटमळले.

"एक सांगू का, मिस्त्री? आता सांगायला हरकत नाही. त्या दिवशी मंडळाने आमच्या वकिलांना साठ दिवसांपर्यंत कबूल व्हायला सांगून पाठवलं होतं. नव्वद नाही, पण साठ. ते बोलणारच होते. तेवढ्यात तुम्ही वीस म्हणालात."

चाळीस दिवस! डेक झाला असता, रंग झाला असता, इंजिन बसवून होडी दिमाखात उतरली असती, आणि ताईचे हात असे सुजले नसते. त्यांच्या कानशिलांत रक्त चढलं. स्वतःच्या जिभेला काय शिक्षा द्यावी हे त्यांना कळेना. ते उताराच्या टोकापर्यंत चालत गेले, पाण्याकडे बघत उभे राहिले, आणि बऱ्याच वेळाने परत आले तेव्हा त्यांचा चेहरा निवळला होता.

"साहेब, साठ मिळाले असते तर मी पहिला महिना नुसता भोवती फिरण्यात घालवला असता," ते म्हणाले. "लोहार गेल्या पंचवीस वर्षांसारखा वागला असता, वखारवाल्याने चहा पाजला असता. एकसष्टाव्या दिवशी तुम्ही आला असता तेव्हा होडी इथे, या दगडावरच असती. मी तुम्हाला म्हणालो असतो, आठ दिवसांत उतरवतो. आणि तुम्ही ती कापली असती."

"कापली असती," अधिकारी म्हणाले.

मिस्त्रींनी खिशातून शेडची किल्ली काढली, सदऱ्याला पुसली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. पलीकडून मोगरीचा आवाज एकसारखा येत होता. जाण्यासाठी वळता वळता ते थांबले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "एवढी एकच मेहेरबानी करा, साहेब. हे साठाचं ताईला कधी कळू देऊ नका."